बीएस्सी सून आणि काळी डबी

आमच्या घरात आजवर एकच स्फोट झाला, आणि तो मी केला.

हे आधीच सांगून टाकते, कारण चौसाळ्यात ही गोष्ट अजूनही निरनिराळ्या तऱ्हेनं सांगितली जाते. कुणी सांगतं गॅसची टाकी फुटली, कुणी सांगतं अध्यक्षांवर हल्ला झाला. खरी गोष्ट एवढी मोठी नाही. खऱ्या गोष्टीत फुटलेली वस्तू माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी होती. पण तेवढ्या वस्तूनं जे केलं, ते गॅसच्या टाकीलाही जमलं नसतं!

माझं माहेर धारूरचं. बीएस्सी, तेही फिजिक्स घेऊन, वर बीएड. लग्न होऊन चौसाळ्याला आले ती थेट किराणा दुकानाच्या मागच्या घरात. सासऱ्यांना मी मामा म्हणे, गाव अप्पा म्हणे. शिक्षण सातवी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरी बंडी आणि तोंडात दिवसातून वीस वेळा एकच वाक्य, "आमची सून बीएस्सी हाय. फिजिक्स!"

साखर घ्यायला आलेल्या माणसाला साखरेआधी माझं शिक्षण मिळायचं. परिणाम असा झाला की गल्लीतल्या बिघडलेल्या वस्तू आमच्या ओट्यावर यायला लागल्या. इस्त्री, मिक्सर, टेबलफॅन. मी ती वस्तू उलटीसुलटी करी, कानाशी धरून हलवी आणि गंभीरपणे म्हणे, "कॉइल गेलेली दिसतेय." (कॉइल हा फार उपयोगी शब्द आहे. बहुतेक यंत्रांत ती असते आणि बाहेरून कुणालाच दिसत नाही.) एकदा शेजारच्या काकूंची इस्त्री मी नुसती पिन घट्ट खोचून चालू केली. त्या दिवसापासून सूनबाईचं नाव पालीच्या धरणापर्यंत पोचलं, असं मामा सांगत सुटले.

खरं काय ते आता निवृत्तीनंतर सांगायला हरकत नाही. कॉलेजात प्रॅक्टिकलला माझी जोडीदारीण होती सुनंदा. सुनंदा तारा जोडायची, मी जर्नल लिहायची. मला शॉकची भयंकर भीती! तीन वर्षांत मी एकाही उघड्या तारेला बोट लावलं नाही. माझ्या जर्नलवर सरांनी "उत्कृष्ट" असा शेरा दिला होता. तो अक्षराबद्दल होता. पण हे घरी कोण सांगणार?

तर ते दिवस देश खुला होण्याचे होते. पेपरात रोज तेच यायचं. चौसाळा हायवेवर, त्यामुळे देश आमच्याकडे जरा लवकर खुला झाला. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दुकानात लोंबायला लागल्या, रंगीत पेयांच्या बाटल्या आल्या, घरोघरी रंगीत टीव्ही आले. आमच्याही आला. आणि लग्नाचं पहिलं वर्ष भरलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "दुकानाचा माल आणायला औरंगाबादला चाललोय. तुला काय आणू?"

"मिक्सर," मी म्हणाले. शेंगदाण्याची चटणी कुटून माझे हात भरून आले होते.

संध्याकाळी हे आले ते एक भलंमोठं रंगीत खोकं घेऊन. मी आनंदानं उघडलं. आत होता व्हिडिओ गेम.

"मिक्सर?"

"अगं, मिक्सर काय, कधीही येतो. हे बघ, एका कॅसेटमध्ये नऊशे नव्याण्णव खेळ!" (प्रत्यक्षात सहाच निघाले. बाकीची त्या सहांचीच वेगवेगळी नावं.)

मामा दुकानातून आत आले. "काय हाय हे?"

"टीव्हीवर खेळायचं असतंय, अप्पा."

"कावून आणलं बे? पोरगं का हाय घरात? लग्न झालंय तुझं!"

यांनी उत्तर न देता वायरी जोडल्या. टीव्हीवर चौकोनी विटा वरून खाली पडायला लागल्या. त्या वळवून नीट बसवायच्या, ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते, असा तो खेळ. हे खेळू लागले आणि दोन मिनिटांत विटांचा ढीग छताला टेकला. मामा दारातच उभे होते.

"अरे, ती आडवी घाल! आडवी! कोपऱ्यात भोक राहिलं की... हा माल रचायलास का पाडायलास?"

"तुमीच करा मग!"

"आण इकडं."

मामांनी धोतर सावरलं, मांडी घातली आणि रिमोट हातात घेतला. या माणसानं चाळीस वर्षं साबणाच्या पेट्या, चहाची खोकी आणि तेलाचे डबे एका अरुंद दुकानात रचले होते. कुठली वस्तू कुठल्या फटीत बसेल हे त्यांना डोळे झाकून कळायचं. मामा खेळले आणि आम्ही तोंडात बोट घालून बघत राहिलो. ओळींवर ओळी नाहीशा होत होत्या! सासूबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणे) कणकेच्या हातानं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "शिवा शिवा! ह्येच्यात बी दुकान काढलं का?"

त्या दिवसापासून आमच्या घराचं वेळापत्रक बदललं. दिवेलागण झाली, देवापुढं दिवा लागला, मामांनी भस्म लावलं की लगेच टीव्हीसमोर चटई. आत्याबाई बाजूला शेंगा फोडत बसायच्या. हे मागून सूचना करायचे आणि शिव्या खायचे. मी दाराच्या चौकटीला टेकून हसायची. त्या घरात नवीन होते मी. मामांसमोर मोठ्यानं बोलायलाही बिचकायची. पण त्या विटांपायी एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, उभी! उभी टाका!" आणि मामांनी खरंच उभी टाकली. चार ओळी एकदम गेल्या! मामा वळून म्हणाले, "फिजिक्स हाय शेवटी." मिक्सर न आणल्याचा राग मी त्या दिवशी सोडून दिला.

आणि मग एका सोमवारी गेम बंद पडला.

लाल दिवा लागेना. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. यांनी वायर हलवली, कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारली, मामांनी रिमोट मांडीवर आपटला. काही नाही. शेवटी यांनी भिंतीतल्या प्लगला लावायची ती काळी डबी, म्हणजे अडॅप्टर, हातात घेतली. "ही गरमच होईना. हिच्यातच लोचा हाय."

बसस्टँडजवळ रेडिओ दुरुस्त करणारे रशीदचाचा होते. ते दुसऱ्या दिवशी बिडी घ्यायला दुकानात आले तेव्हा यांनी विषय काढला. चाचा म्हणाले, "भेज दो, सेठ. देख लेतूं. दस मिनट का काम."

मामांनी मान उडवली. "घरात फिजिक्स बसलंय आन् बाहेर कावून पाठवू?"

मी आत पोळ्या लाटत होते. माझी पोळी आफ्रिकेच्या नकाशासारखी झाली.

"सूनबाई, बघशील ना?"

आता इथं मी म्हणायला हवं होतं की मामा, मला यातलं काही येत नाही. एवढं एकच वाक्य! ते म्हटलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण मामांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो बघून माझी जीभच वळेना. मी म्हणाले, "बघते की. कॉइल गेली असेल."

मामांची तर दोन दिवसांतच दशा झाली होती. दुकानात साबणाच्या पेट्या रचताना ते पेटी हवेत दोनदा फिरवायचे, मग ठेवायचे. एक ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होईल म्हणून क्षणभर थांबायचे! गिऱ्हाईक विचारायचं, "अप्पा, काय बघायलाव?" मामा दचकायचे.

त्यातच आणखी एक बातमी आली. गावातल्या शाळेला विज्ञानाची शिक्षिका हवी होती. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब. दीडशे माणसांची पंगत बसेल एवढा वाडा, उसाचे फड, पांढरी जीप आणि तिच्यात कायम दोन कार्यकर्ते. मामांनी माझा अर्ज आधीच दिला होता. दादासाहेबांनी निरोप पाठवला, "गुरुवारी सकाळी घरी येतो. बाईंना बघतो, बोलतो."

मला ती नोकरी फार हवी होती. घरात काही कमी होतं म्हणून नाही. पण धारूरला असताना आईनं मला किल्ल्याच्या चढावरून सायकल ढकलत शाळेला पाठवलं होतं. ते सगळं फक्त पोळ्यांसाठी होतं, असं मनात आलं की लाटणं टाकून द्यावंसं वाटायचं.

मामा म्हणाले, "गुरुवारपर्यंत डबी नीट कर. दादासाहेबांना दाखवू. म्हणावं, आमची सून नुस्तं पुस्तक न्हाई, यंत्र उघडून दुरुस्त करतीय."

बुधवारी दुपारी मी डबी उघडली. स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरलं, दुकानातून स्क्रू-ड्रायव्हर आणला, दाराला कडी लावली. मदतीला फक्त आत्याबाई, चौथी पास. आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर, चार बारके डायोड, आणि एक निळा नळकांडीसारखा कपॅसिटर. एक वाळलेलं झुरळही होतं.

"ह्येच मेलं असंल आत," आत्याबाई म्हणाल्या, "म्हनून बंद पडलं."

मी झुरळ काढलं. डबी चालू झाली नाही.

मग माझी नजर निळ्या नळकांडीवर गेली. जर्नलमध्ये मी तिचं चित्र फार सुरेख काढलं होतं. ती जरा फुगल्यासारखी वाटली. (फुगली नव्हती. तिचा आकारच तसा होता.) "हीच गेलीय," मी निकाल दिला. माळ्यावर मामांचा जुना ट्रान्झिस्टर दहा वर्षं मुका पडून होता. त्याच्यात तसलीच एक नळकांडी होती. मामांची परवानगी काढली, ट्रान्झिस्टर खाली आणला.

सोल्डरिंगचं यंत्र नव्हतं. मी जुना स्क्रू-ड्रायव्हर गॅसवर लाल केला. त्यानं डबीतली नळकांडी सुटली, ट्रान्झिस्टरमधली सुटली, ओट्याच्या फरशीवर एक काळा डाग पडला (तो अजून आहे) आणि माझ्या पदराला एक भोक. आता नवीन नळकांडी बसवायची. तिला दोन पाय, आणि एका पायाच्या बाजूनं अंगावर पांढरी पट्टी. पट्टीत छोट्या छोट्या आडव्या रेघा.

मी थबकले. पट्टी म्हणजे प्लस की मायनस?

"आत्याबाई, काय वाटतं?" मी आपलं सहज विचारलं.

आत्याबाईंनी चष्मा वर करून बघितलं. "वजाबाकीची खूण हाय की ती. सरळ सरळ."

हे उत्तर बरोबर होतं! चौथी पास बाईनं दोन सेकंदांत दिलेलं. पण मी फिजिक्स होते. मी म्हणाले, "इतकं सोपं नसतं, आत्याबाई. वीज ज्या दिशेनं जाते, त्याच्या उलट इलेक्ट्रॉन जातात. म्हणजे खूण वजाची असली तरी पाय अधिकचा धरायचा."

"आसंल बाई," आत्याबाई म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यातलं."

मी नळकांडी उलटी बसवली.

झाकण न लावताच डबी बोर्डात खोचली. मामा, हे, आत्याबाई असे सगळे गोळा झाले. मी डोळे मिटून बटण दाबलं. लाल दिवा लागला! टीव्हीवर खेळांची यादी उमटली! मामांनी टाळी वाजवली. हे माझ्याकडे असं बघायला लागले की मला लाज वाटली. आणि मोजून दहाव्या सेकंदाला गावातली लाइट गेली.

"जाऊ दे," मामा म्हणाले. "झालं ना? आता उद्या."

त्या दिवशी लाइट आणखी पाच मिनिटं टिकली असती, तर जे काही फुटायचं ते घरच्या घरात फुटलं असतं. पण आमच्याकडची लाइट कधी वेळेवर जात नसे आणि कधी वेळेवर येत नसे. ती आली थेट गुरुवारी सकाळी, दादासाहेबांची जीप दारात लागली तेव्हा.

दादासाहेब आत आले. कडक पांढरे कपडे, भरघोस मिशा, जरबेची नजर. कार्यकर्ते बाहेर जीपमध्येच थांबले. पोहे आले, चहा आला. मी पदर डोक्यावर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसले.

"बाई," दादासाहेब म्हणाले, "आमच्या शाळेत विज्ञान म्हंजे पोरं नुस्तं पाठ करतेत. प्रयोग पायजेत. तुमी प्रयोग करता का?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "प्रयोग? आहो, घरात रोज प्रयोग चालतेत! हे बघा."

त्यांनी कोपऱ्यातला पाट पुढं ओढला. पाटावर एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डात उघडी डबी. झाकण लावू नको, आतलं काम दादासाहेबांना दिसलं पाहिजे, असं मामांनी बजावलं होतं. आत्याबाईंनी सकाळीच बोर्डाला हळदीकुंकू वाहिलं होतं. सुनेच्या हातचं पहिलं यंत्र!

"हे सुनेनं दुरुस्त केलं. एकटीनं."

दादासाहेबांनी वाकून बघितलं. त्यांना काही कळलं नाही, हे माझ्या लक्षात आलं, कारण त्यांनी "वा" म्हटलं.

बटण दाबलं. लाल दिवा लागला. टीव्हीवर चित्र आलं, पण त्यात आडव्या लाटा चढत होत्या आणि स्पीकरमधून भुंगा गुणगुणत होता. "व्होल्टेज कमी हाय," मामांनी परस्पर खुलासा केला आणि रिमोट दादासाहेबांच्या हातात दिला. "खेळा, साहेब."

"मी? छे, छे."

"एकच डाव."

दादासाहेबांनी एक वीट बसवली. मग दुसरी. एक ओळ नाहीशी झाली तेव्हा त्यांच्या मिशा हलल्या. तिसऱ्या मिनिटाला हा माणूस खुर्चीवरून उतरून चटईवर मांडी घालून बसला होता आणि टीव्हीला विनवत होता, "उभी काठी धाडा की हो! एवढी एक उभी काठी!"

"येतीय, साहेब, येतीय. डावीकडं जागा ठेवा," मामा.

"अप्पा, मधी बोलू नका!"

मी मात्र टीव्हीकडे बघत नव्हते. मला कसला तरी वास येत होता. जळकट, मच्छीसारखा. मी पाटाकडे बघितलं. नळकांडीचं डोकं, जे बुधवारी सपाट होतं, ते आता तव्यावरच्या फुलक्यासारखं वर येत होतं.

"दादासाहेब," मी म्हणाले, "जरा बाजूला..."

"थांबा बाई, काठी यायलीय!"

"साहेब, ते डबीचं..."

"काठी! अप्पा, काठी आली!"

फट्ट!

तो आवाज मला अजून आठवतो. फार मोठा नव्हता, पण फार स्पष्ट होता. धुराचा एक पांढरा लोट छताकडे गेला आणि नळकांडीच्या पोटातला कागद, कापसासारखा लगदा आणि चांदीच्या वर्खासारख्या चकचकीत चिंध्या साऱ्या बैठकीत उडाल्या. पोह्यांवर पडल्या, चहात पडल्या, मामांच्या भस्मावर चिकटल्या, आणि सगळ्यात जास्त दादासाहेबांच्या मिशांत अडकल्या. टीव्ही बंद, पंखा बंद. घराचा फ्यूज उडाला.

मग बाहेरून जीपची दारं धडाधड उघडली आणि दोन्ही कार्यकर्ते आत घुसले.

"सायेब! कुनी मारलं? कुनी मारलं?"

आत धूर, अध्यक्ष जमिनीवर, मिशा पांढऱ्याफटक! एकानं क्षणाचाही विचार न करता दादासाहेबांवर झेप घेतली आणि त्यांना आपल्या अंगाखाली झाकलं. खाली पोह्यांची बशी होती. दुसऱ्याला हल्लेखोर सापडेना. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि कोपऱ्यात लाटणं घेऊन उभ्या असलेल्या आत्याबाईंकडे बोट दाखवलं. "टाका ते खाली!"

"मुडद्या," आत्याबाई कडाडल्या, "पोळ्या कोन लाटनार, तुजा बाप?"

एवढ्यात हे दुकानातून पाण्याची बादली घेऊन धावत आले. दुकानात कुणीतरी सांगितलं होतं की अप्पाच्या घरी बॉम्ब फुटला. (दुकान आणि घर यांच्यात एकच दार. त्या दारातून येईपर्यंत कपॅसिटरचा बॉम्ब झाला होता!) यांनी धूर बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "गेम तर ठीक हाय ना?" तो प्रश्न मी त्यांना पुढं कित्येक वर्षं ऐकवला.

"पाणी टाकू नका!" मी किंचाळले. लग्नानंतर सासरच्या बैठकीत मी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं ओरडले. सगळे थिजले. मी मेन स्विच बंद केला, डबी बोर्डातून उपटली आणि तिथंच पाटाजवळ खाली बसले.

दादासाहेब कार्यकर्त्याखालून बाहेर निघाले. पाठीला पोहे. त्यांनी मिशीतून एक चकचकीत चिंधी काढली, तिच्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, हा प्रयोग होता का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. "नाही, दादासाहेब. चूक होती. मी तो उलटा बसवला. मला हे काम येत नाही. कॉलेजात तारा सुनंदा जोडायची, मी नुसतं लिहायची. आत्याबाई बरोबर सांगत होत्या, मी ऐकलं नाही."

मामांकडे बघायची माझी हिंमत नव्हती. गावभर मिरवलेलं त्यांचं फिजिक्स पोह्यांत पडलं होतं. मला वाटलं, आता मामा उठून दुकानात जातील आणि पुन्हा कधी माझ्याशी धड बोलणार नाहीत.

मामा उठले, पण दुकानात गेले नाहीत. माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "साहेब, तिची चूक न्हाई. रशीदनं मागितली होती डबी. मीच दिली न्हाई. लेकरू न्हाई म्हनायला लाजलं." मग खाली बघत म्हणाले, "आन् खरं सांगू का, घाई मलाच होती. मला खेळायचं होतं."

आख्ख्या चौसाळ्याला उधळपट्टीवर व्याख्यान देणारा माणूस हे बोलला! मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं.

दादासाहेब उठले, चपला घातल्या. दारात थबकून मामांना म्हणाले, "काठी बसली होती ना, अप्पा? चार ओळी गेल्या असत्या." आणि गेले.

बातमी त्यांच्या जीपच्या पुढं धावली. दुपारच्या एसटीनं ती बीडला पोचली तेव्हा तिच्यात तीन जखमी होते.

संध्याकाळी मामा मला म्हणाले, "चल." आम्ही दोघं रशीदचाचांच्या टपरीवर गेलो. चाचांनी डबी हातात घेतली, नाकाशी धरली, डोळे मिटून हसले. मग डबीतून बाहेर येणारी वायर मुळापाशी वाकवली. "देखो बेटी. तार यहाँसे टुटेला है, अंदरसे. बस इत्ताच था. तुम खोले तब हिलके चिपक गया होगा, इसलिए चालू हुआ. गुंडाळते टाइम जोर लगाते लोग." वायर कसून गुंडाळणारे मामा दुसरीकडे बघायला लागले. "कपॅसिटर तो अच्छा था. उसकू कायकू निकाले?"

म्हणजे मी धडधाकट माणसाचं ऑपरेशन केलं होतं, आणि वर त्याला दुसऱ्याचं काळीज उलटं बसवलं होतं!

चाचांनी तुटका भाग कापून वायर जोडली, नवीन कपॅसिटर लावला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, सोल्डरिंगचं यंत्र माझ्या हातात दिलं. "एक टाका तुम लगाओ." धूर डोळ्यांत गेला, शिशाचा थेंब वाकडातिकडा पडला, पण चिकटला. बाकड्यावर बसून मामा ते असं बघत होते, जसं काही मी बीएस्सी आत्ताच पास झाले. परत येताना रस्त्याच्या कडेनं चालताना ते म्हणाले, "आता खरं फिजिक्स झालं बघ." त्या रस्त्यावरून ट्रकच्या ट्रक जात होते. मामा माझ्या आणि ट्रकच्या मधून चालत होते.

नोकरीची आशा मी सोडली होती. आठवडाभरानं शिपाई पत्र घेऊन आला. नेमणूक झाली होती! मामा धावतच दादासाहेबांचे आभार मानायला गेले. मला वाटलं, माझ्या खरेपणाचं चीज झालं. मामा परत आले ते जरा पडलेल्या चेहऱ्यानं. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, दादासाहेब म्हणाले होते, "अप्पा, दुसरा अर्जच आला न्हाई."

आता मामा नाहीत, आत्याबाई नाहीत. रशीदचाचांच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मिक्सर मात्र तिसरा चालू आहे. त्या शाळेत मी सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत प्रयोगशाळेची किल्ली एकदाही माझ्या हातात दिली गेली नाही. दादासाहेबांचा तसा तोंडी हुकूम होता, आणि त्यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या त्यांच्या मुलानंही तो इमानानं पाळला. प्रयोग शिपाई करायचा, मी फळ्यावर आकृती काढायची.

निरोपाच्या दिवशी मात्र शाल आणि नारळ दिल्यावर अध्यक्ष स्वतः म्हणाले, "चला बाई, आज तुम्हाला प्रयोगशाळा दाखवतो." मला गहिवरून आलं. शिपायानं दार उघडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मानानं आत पाऊल टाकलं.

आत काळोख होता. मी येणार म्हणून मेन स्विच आधीच बंद करून ठेवला होता!